आईनं बाहेर बसायचं

चांगुणाआक्काचा एक नियम होता. डोकं दुखतंय म्हणून कुणी पोर घेऊन आलं, की आधी आईला घराबाहेर काढायचं. "तू जा, त्या लिंबाखाली बस जा. आमी दोगं बघतो काय ते," असं म्हणून ती पोराला उंबऱ्यावर बसवायची आणि आईकडं पाठ करायची. बाई कितीही मोठ्या घरची असो, पाटलीण असो की मास्तरीण, आक्काच्या दारात आईनं बाहेर बसायचं.

आया खोटं बोलतात, असं तिचं ठाम मत होतं. मुद्दाम नाही बोलत, पण बोलतात. पोराला सकाळपासून खायला दिलं नाही, हे कुठली आई चारचौघींत सांगेल? काल भर उन्हात शेळ्यांमागं पिटाळलं, घरात भांडण झालं तेव्हा पोर भिंतीआड उभं राहून रडलं, चार दिवस त्याला परसाकडं झालं नाही, यातलं एकही अक्षर आईच्या तोंडून निघत नाही. पोर मात्र सगळं सांगतं. फक्त आई समोर नको.

आणि डोकं आपणहून दुखत नाही, हे आक्काचं दुसरं मत. दुखणं असतं दुसरीकडं आणि बोंब डोक्याची होते. म्हणून ती आधी डोक्याला हातच लावायची नाही. जीभ बघायची, तळहात दाबून बघायची, तोंडाचा वास घ्यायची आणि मग विचारायची, "काल सकाळच्या पयल्या घासापासून सांग." उपाशी पोर निघालं तर गूळ-शेंगदाणे. ऊन लागलेलं असलं तर धने भिजवलेलं पाणी आणि कपाळावर ओलं फडकं. पोट फुगलेलं असलं तर चमचाभर एरंडेल, आणि ते गिळेपर्यंत नाक धरून ठेवायचं. सर्दीचं डोकं असलं तर सुंठ उगाळून लेप. झोप झाली नसली तर पायाला तूप लावून काशाची वाटी घासायची. एखादी पोरगी फळ्याकडं डोळे बारीक करून बघते असं कळलं, तर सरळ सांगायची, "हिला डोळ्याच्या डाक्टरकडं न्या, माज्यापाशी ह्याचं काय न्हाई." एवढा प्रामाणिकपणा तिच्याजवळ होता. आणि सगळ्यात शेवटी, कारण काहीही निघो, कोमट तेलानं डोकं चोळून वर घट्ट फडकं बांधायची. तिच्या बोटांत काय होतं देवाला ठाऊक, पोरं चोळता चोळता झोपून जायची.

ही गोष्ट बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची. कोपरगावापासून दोन कोसांवर, कालव्याच्या कडेला, चाळीसेक उंबऱ्यांची वाडी होती. चहूकडं ऊस. वाडीतली निम्मी माणसं साखर कारखान्याच्या मळ्यावर कामाला, त्यात आक्काचा एकुलता एक मुलगा रंगनाथही होता. आक्का पन्नाशीची, विधवा. आवाज मोठा, पाठ ताठ. यंदा तिचा उंबरा रिकामा म्हणून राहत नव्हता. आषाढापासून वाडीतल्या पोरांची डोकी धरायला लागली होती, त्यातून पोरींची जास्त. कुणी म्हणे ऊन, कुणी म्हणे शाळेवर नवे पत्रे घातलेत त्याची धग. आक्काला मात्र मनातून बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. लिंबाखाली एका वेळी तीन-तीन आया बसलेल्या दिसल्या, की तिचा पदर आपोआप नीटनेटका व्हायचा.

मान वाढायला आणखीही एक कारण झालं होतं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा उवा झाल्या म्हणून मास्तरांनी निम्म्या पोरी घरी पाठवल्या होत्या. आक्कानं मनावर घेतलं आणि महिन्याभरात वाडीतल्या एकूण एक डोक्यातल्या उवा घालवल्या. मास्तर स्वतः दारात येऊन "चांगुणाबाई, कमाल केलीत" असं म्हणून गेले. ते वाक्य आक्कानं पुढं आल्यागेल्या सगळ्यांना ऐकवलं, काहींना दोनदा.

एकच पोर तिच्या हातून गेलं होतं. बनुबाईची साळू, पाच वर्षांची. श्रावणात तिचं डोकं धरलं, ओकाऱ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी झटके आले आणि ती गेली. सकाळपासून आक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन तेल चोळत बसली होती. वाडी म्हणाली, वारं लागलं. आक्काही तेच म्हणाली. बनुबाईनं आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं होतं, "तुमी तरी हुता जवळ" म्हणून. त्या आठवणीनं आक्काला रडू यायचं, पण आपलं काही चुकलं असं तिला कधी वाटलं नव्हतं. वाटायचं कारणच नव्हतं.

गणपती उठले आणि शकिलाचं दुखणं सुरू झालं.

शकिला म्हणजे शेजारच्या पीरमहंमदची मुलगी. तो कारखान्याचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याची बायको मुबारकबी आणि आक्का यांच्या घरांची भिंत एकच होती, आणि त्या भिंतीतल्या खिडकीतून विस्तव, विरजण, भांडणं आणि शकिला अशा सगळ्यांची ये-जा चालायची. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेलं हे एकुलतं एक पोर. आता नऊ वर्षांची होती, बडबडी, केस कमरेपर्यंत. आक्काला अजून नातवंड नव्हतं, त्यामुळं तिचा सगळा जीव या पोरीत. घरात पहिली भाकरी शकिलाची. रंगनाथ कुरकुरला की म्हणायची, "तुला काय, तू घोडा झालास."

पहिल्या शुक्रवारी तिचं डोकं थोडं दुखलं. आक्कानं ऊन ठरवलं, धन्याचं पाणी पाजलं, तेल चोळलं. दुसऱ्या शुक्रवारी जास्त दुखलं, मळमळलं. आक्कानं पोट ठरवलं, एरंडेल दिलं, तेल चोळलं. तिसऱ्या शुक्रवारी पोर भिंत धरून चालत आली. डोळ्यांपुढं चमकतंय म्हणाली. आक्काला धास्ती वाटली. तिनं दारासमोर उभं करून लांबच्या बाभळीवरचे पक्षी मोजायला लावले. शकिलानं सगळे बरोबर मोजले. डोळे चांगले होते.

चौथ्या शुक्रवारी आक्कानं ठरवलं, आज कारण काढल्याशिवाय उठायचं नाही. मुबारकबीला लिंबाखाली धाडलं आणि शकिलाला उंबऱ्यावर घेतलं.

"काल सकाळच्या पयल्या घासापासून सांग."

"च्या-चपाती खाल्ली. शाळंत गेले. सुट्टीत चिचा खाल्ल्या, पन दोनच. घरी आले. भाकर खाल्ली. मंग अम्मीनं येनी सोडली."

"मंग?"

 शकिला उंबऱ्याच्या लाकडावर नखानं रेघ ओढत बसली. "मंग झोपले," ती म्हणाली.

"आन् आज सकाळी?"

"न्हाले."

"डोस्क्यावरनं?"

"व्हय. दर जुम्म्याला अम्मी न्हाऊ घालती."

आक्कानं मांडीवर थाप मारली. शुक्रवार! दर शुक्रवारी अंघोळ आणि दर शुक्रवारी डोकं. एवढे लांब केस, ते वाळणार कधी? पोर ओल्या केसांनी शाळेत जाते आणि पाणी मस्तकात मुरतं. इतकं सरळ कारण आणि आपण चार आठवडे चाचपडत होतो, याचं तिला हसू आलं. तिनं मुबारकबीला हाक मारली.

"ऐक. पुढल्या शुक्रवारी हिच्या डोस्क्यावरनं पान्याचा थेंब घालायचा न्हाई. अंगावरनं घाल, डोस्कं कोरडं ठेव."

मुबारकबी घुटमळली. "आक्का, पन न्हाऊ न घालता..."

"पन न्हाई आन् बिन न्हाई. एक जुम्मा तसाच जाऊ दे. पोरीपरीस न्हानं मोठं हाय का?"

"न्हाई, तसं न्हाई," मुबारकबी म्हणाली. तिनं एकदा शकिलाकडं बघितलं, शकिलानं तिच्याकडं बघितलं. "बरं आक्का. तुमी म्हनता तसं."

मायलेकींच्या त्या बघण्याकडं आक्काचं लक्ष होतं, पण तिला ते लाडाचं वाटलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी ती अंगणात सडा टाकत होती. शकिला आज उड्या मारत येणार, याची तिला इतकी खात्री होती की तिनं गुळाचा खडा पदरात बांधून ठेवला होता. मुबारकबी आली ती पोरीला खांद्यावर टाकून. शकिलाचे हात लुळे लोंबत होते आणि बोटं थरथरत होती.

"पहाटंपासून तीनदा ओकली," मुबारकबी म्हणाली. 

"न्हाऊ घातलंस व्हय?"

"न्हाई वो आक्का! तुमी सांगितलं तसंच. थेंब न्हाई घातला."

आक्का चक्रावली. मग हे काय? पण हातपाय गाळून चालणार नव्हतं. "आन इकडं. तू जा, लिंबाखाली बस." त्या घटकेलाही तिनं मुबारकबीला बाहेर बसवलं. नियम तो नियम.

तिनं शकिलाचं डोकं मांडीवर घेतलं. चुलीवर तेल कोमट करून ठेवलेलंच होतं. ते ओंजळभर टाळूवर ओतलं आणि चोळायला लागली. केस खरखरीत लागत होते. उसाच्या वाटेची धूळ, तिला वाटलं. तिनं आणखी तेल घेतलं आणि बोटं केसांच्या मुळापर्यंत नेली.

"आक्का, नगं," शकिला पुटपुटली. "तेल नगं. तेलानं जास्तच व्हतंय."

"गप पड, बाय माजी. आत्ता ऱ्हाईल."

"नगं ना, आक्का..."

आक्का चोळतच राहिली. फडकं घेतलं, घट्ट बांधलं. गाठ मारून हात काढते तोच मांडीवरचं डोकं मागं ताणलं गेलं. शकिलाचे डोळे वर गेले, दातखीळ बसली, आणि सगळं अंग लाकडासारखं ताठ होऊन गदागदा हलायला लागलं.

 हे आक्कानं पाहिलं होतं. याच मांडीवर, याच जागी, श्रावणात. तसेच डोळे, तशीच टाच जमिनीवर घासत होती. ओरडली ती मुबारकबी, लिंबाखालून धावत येऊन. बाया जमल्या. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल धरली. पीरमहंमद काम सोडून ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊनच आला. त्याच्या मागच्या ट्रॉलीत पोरीला मांडीवर घेऊन मुबारकबी बसली, आणि तेलाचे हात तसेच घेऊन आक्काही चढली. वाटेत आणखी एक झटका आला. आक्का मोठमोठ्यानं म्हणत होती, "बाय माजी, डोळं उगड, आक्का हाय, आक्का हाय." पोरीला ऐकू जात नव्हतं.

कारखान्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं आधी सुई टोचली आणि पोरीला कुशीवर वळवलं. अंग सैल पडल्यावर तो म्हणाला, "काय झालं, सांगा."

"मी सांगते," आक्का पुढं झाली. "पाच आठवडं झालं, दर शुक्रवारी..."

"आई कोण हिची?"

"ही. पन हिला काय इचारता, मी सांगते की."

"बाई, तुम्ही बाहेर बसा," डॉक्टर म्हणाला. "मला आईशी बोलायचंय."

आक्काला आजवर कुणी असं बाहेर बसवलं नव्हतं. ती दाराशी जाऊन थांबली. दार उघडंच होतं.

"डोक्याला काय लावलंय?"

"तेल," मुबारकबी म्हणाली.

"तेलाच्या आधी?"

मुबारकबी दाराकडं बघायला लागली. डॉक्टरनं फडकं सोडलं, केस बोटांनी फाकवले, वाकून वास घेतला आणि झटकन मान वर केली. "आधी काय घातलंय डोक्यात? खरं सांगा, पोरगी जाईल हातची!"

"पावडर," मुबारकबी म्हणाली. "उवांची."

"कुठली पावडर?"

"आक्काचीच."

"ही उवांची नाही. उसाला हुमणी लागते तिला मारायला जमिनीत टाकतात, ती बीएचसी आहे ही. विष आहे! कोणी सांगितलं हे पोरीच्या डोक्यात घालायला?"

दाराशी आक्का उभी होती. कोणी म्हणजे? तीच. जूनमध्ये रंगनाथनं मळ्यावरून उरलेली पावडर आणली होती. आक्कानं आधी कोंबड्यांना चोळली, दुसऱ्या दिवशी पिसवा झडून पडल्या. म्हशीला चोळली, गोचीड गळाले. कणगीभोवती टाकली, मुंग्या गेल्या. हिवतापवाले सरकारी लोक घराघरात भिंतींवर फवारा मारून जात होते आणि कुणाला काही होत नव्हतं, मग ही तर चिमूटभर. तिनं फडक्यात पुड्या बांधून घरोघर वाटल्या होत्या. सांजेला टाळूवर चिमूटभर टाका, वर फडकं बांधा, सकाळी न्हाऊ घाला. एकदाच. उवा गेल्या, मास्तर वाखाणून गेले, आणि आक्का ती पावडर विसरूनही गेली.

"किती वेळा घातली?" डॉक्टर विचारत होता.

"दर बेस्तरवारी. उवा पुन्यांदा झाल्या हुत्या सायेब. आक्का समद्या गावाला सांगत हुत्या, आपल्या वाडीत एक ऊ ऱ्हायली न्हाई म्हनून. त्यास्नी कसं सांगनार? पोरीला बी म्या दटावलं, आक्कापाशी बोलायचं न्हाई."

"आणि सकाळी धुवत होतात?"

"धूत हुते. आजच न्हाई धुतलं. आक्कांनी सांगितलं, डोस्क्यावर पानी घालू नगं."

डॉक्टरनं पुन्हा केसांना हात लावून बघितला. "म्हणजे ही रात्रभर डोक्यावर तशीच, आणि वर तेल चोळलं?"

"तेल आक्का दर खेपंला चोळत्यात. गुणाचं हाय त्यांचं तेल."

"अहो बाई, तेलात ही विरघळते आणि कातडीतून आत शिरते. डोकं दुखतं, ओकारी होते, मग झटके. तेलानं तुम्ही ती मुरवलीत पोरीच्या अंगात!" त्यानं नर्सला हाक मारली. "कात्री आणा. साबण. पाणी भरपूर."

आक्कानं आपले हात नाकाशी नेले. कुठलाच वास येईना. घरात कणगीपाशी, कोंबड्यांच्या खुराड्यात, म्हशीच्या दावणीत चार महिने तोच वास होता. पोरांच्या तोंडाच्या वासावरून पोट ओळखणारी ती बाई, आणि हा वास तिच्या नाकाला लागतच नव्हता. मांडीवरचं पोर 'तेल नगं' म्हणालं होतं. पोर सगळं सांगतं, असं सांगत ती आयुष्यभर मिरवली, आणि पोरानं सांगितलं तेव्हा तिनं त्याला गप केलं.

आतून कात्रीचा कराकरा आवाज येत होता. ती तिथून निघाली आणि बाहेर, आवाराच्या भिंतीशी मातीत बसली. आत चार-चार बादल्या पाणी ओतत होते, ते मोरीतून वाहत तिच्यापर्यंत आलं. तिनं पाय बाजूला घेतले नाहीत.

बसल्या बसल्या तिला एकेक पोर आठवायला लागलं. आषाढापासून उंबऱ्यावर आलेली सगळी डोकी. विठाबाईची थोरली. कडूबाईच्या दोघी. कुणाचं ऊन ठरवलं होतं, कुणाचं पोट. सगळ्यांच्या घरी तिची पुडी होती, आणि एकदाच टाका म्हटलेलं किती जणींनी पाळलं असेल? सगळ्यांना तिनं तेल चोळलं होतं. लिंबाखाली एवढ्या आया का बसत होत्या, हे आता तिला कळलं, आणि त्या गर्दीकडं बघून आपण पदर नीट करत होतो हे आठवून तिला स्वतःची शिसारी आली.

मग तिला साळू आठवली.

ती इतकी दचकली की शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "काय चावलं का?" आक्कानं मान हलवली.  साळूला वारं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शकिलानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाला, वाचली. तेव्हा आक्का दाराशी गेली. खाटेवर भादरलेल्या डोक्याची, डोळे खोल गेलेली एवढीशी पोर होती. मुबारकबीनं आक्काकडं पाहिलं, पण बस म्हणाली नाही. पीरमहंमद उठून बाहेर आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आक्का, तुमी आता घरी जावा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आक्काला बरं वाटलं असतं.

ती तडक वाडीत गेली आणि घरोघर फिरली. "ती पावडर द्या. विष हाय. मी तुमाला विष दिलं हुतं. पोरींची डोस्की साबनानं धुवा, तेल लावू नगा." बाया तोंडाकडं बघत राहिल्या. एकीला वाटलं आक्काला काहीतरी झालं. पण पुड्या निघाल्या, फळीवरून, कोनाड्यातून, चुलीमागून. रंगनाथ तिच्या मागून पत्र्याचा डबा घेऊन चालत होता, ते सगळं मळ्याच्या गोदामात परत करायचं होतं. चाळीस घरं झाली. एक राहिलं, ते तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिथं ती रंगनाथला म्हणाली, "तू हितंच थांब."

बनुबाई दारात जोंधळे पाखडत होती. आक्काला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, झोळीतली आठ महिन्यांची पोर उचलली आणि नेहमीसारखी आक्काच्या मांडीवर दिली. "बसा आक्का. च्या टाकते. शकिला कशी हाय?"

"वाचली," आक्का म्हणाली. "बनू, ती उवांची पुडी हाय का तुज्यापाशी?"

"हाय की." बनुबाई आत जाऊन पुडी घेऊन आली. साळूची लाल रिबीन तिच्याभोवती बांधलेली होती. "ऱ्हाऊ दिली हुती. हिच्या टाळूवर खपल्या धरल्यात, तवा म्हनलं एक दिस चिमूटभर टाकावी."

 आक्कानं पुडी हिसकावूनच घेतली. "टाकलीस का? टाकलीस का हिला?"

"न्हाई अजून. का वो?"

मग आक्कानं सांगितलं. शकिलाचं सांगितलं, डॉक्टरनं काय म्हटलं ते सांगितलं. साळूचं नाव तिनं घेतलं नाही, पण घ्यायची गरजही पडली नाही. बनुबाई ऐकता ऐकता खाली बसली. 

"आक्का," ती म्हणाली, "तुमी एकदाच टाक म्हनला हुता. म्या तीनदा टाकली. आन् चिमटीनं न्हाई, मुठीनं टाकली. तुमचं काय बी चुकलं न्हाई. म्याच मारली माजी पोर."

 शिव्या ऐकायची तयारी करून आक्का आली होती, याची नाही. बनुबाई सगळं आपल्या अंगावर घेत होती, आणि आक्का नुसती गप्प बसली असती तर ते तिच्या अंगावर जन्मभर राहिलं असतं. वाडीत कुणालाही दुसरं काही कळलं नसतं. एक क्षण, फार तर दोन, आक्का गप्प बसली. त्याचीही तिला पुढं लाज वाटत राहिली.

"न्हाई, बनू," ती म्हणाली. "इख म्या दिलं. तुला बाहेर बशीवलं, एका शब्दानं इचारलं न्हाई. समदी सकाळ तेल चोळून म्याच ते तिच्या अंगात घातलं. तू न्हाई. मी."

बनुबाईनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते. "मी लिंबाखाली बसले हुते तवा," ती म्हणाली, "साळू सारकी 'नगं आक्का, नगं आक्का' म्हनत हुती. मला ऐकू येत हुतं. मला वाटलं, तुमास्नी ठावं."



बनुबाई उठली. पुढं आली आणि वाकून तिनं आक्काच्या मांडीवरची तान्ही उचलून घेतली. आधी पोरीच्या टाळूचा वास घेतला, मग तिला पदराखाली धरून ती आत गेली.